तिसरा आग्रह

मी एक जुनी घरगाडी आहे. जुनी म्हणा, माझी काही हरकत नाही. बिचारी मात्र म्हणू नका. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा अडगळीत पडून उसासे टाकत असतात. माझं इंजिन आज सकाळीच पहिल्या किल्लीत सुरू झालं आहे आणि मला उसासे टाकायला वेळ नाही.

माझ्या पुढे मोटार आहे आणि मागे घर. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मध्ये टेबल, दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर आणि या सगळ्या संसाराखाली सहा चाकं. माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात शहाण्णव साली झाला. माझी कपाटं बसवणारी दाढीवाली माणसं संध्याकाळी घोडागाडीत बसून घरी जात, कारण त्यांच्या पंथात मोटार बाळगायला बंदी होती. ज्या वस्तूत आपल्याला कधी बसायचं नाही, तीसुद्धा ती माणसं मन लावून बनवत. म्हणून माझ्या एकाही कपाटाचं दार आजवर करकरलेलं नाही.

मला विकत घेतलं ड्वेन आणि मार्लिस लिंडगार्ड या मिनेसोटाच्या जोडप्यानं. ड्वेन हिवाळ्यात सरकारी रस्त्यांवरचा बर्फ बाजूला सारणारी अवजड गाडी चालवायचा. मार्लिस शाळेच्या भटारखान्यात मुलांचं जेवण रांधायची. मला घरी आणल्या दिवशी तिनं माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "अगदी आपली ग्लॅडिसमावशी! रुंद, पांढरी, आणि एकदा बसली की उठायचं नाव नाही." तेव्हापासून मी ग्लॅडिस. मावशी कशी होती ठाऊक नाही, पण मी उठायला कधी कुरकुर केली नाही हे नोंदवून ठेवते.

दर उन्हाळ्यात आम्ही निघायचो. माझ्या दाराला आतून अमेरिकेच्या सलग अठ्ठेचाळीस राज्यांचा कोरा नकाशा चिकटवलेला आहे. ज्या राज्यात माझ्या पोटात रात्र काढली, त्याचा रंगीत तुकडा त्यावर लावायचा. नुसतं ओलांडलेलं राज्य चालत नाही, असा घरगाडीवाल्यांचा नियम आहे, आणि मार्लिस तो चर्चच्या नियमासारखा पाळते. वर्षागणिक नकाशा भरत गेला. ओरेगॉन तेवढं कोरं राहिलं. आम्ही वरच्या वॉशिंग्टनला गेलो, खालच्या कॅलिफोर्नियाला गेलो, पण मधल्या ओरेगॉनला नेवाडातून भला मोठा वळसा घालून. मला वाटायचं ड्वेनला रस्ता कळत नाही. पण बर्फात पुरलेला रस्ता शोधणाऱ्या माणसाला रस्ता कळत नाही, असं कसं होईल?

मग ड्वेनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मला कोठाराच्या मागे नेऊन उभं केलं. अंगावर निळी ताडपत्री आली. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. उंदरांनी माझ्या गाद्यांत बाळंतपणं उरकली. लोक म्हणतात, ताडपत्रीनं वस्तू जपली जाते. त्यांना एकदा ताडपत्रीखाली उभं करा आणि मग विचारा. मला रोज राग यायचा आणि तो काढायला माझ्याकडे साधा भोंगाही नव्हता, कारण बॅटरी उतरली होती.

त्यातच ड्वेनचे डोळे बिघडले. कडेचं दिसायचं, समोरचं पुसट व्हायचं. ऑक्टोबरात त्याचा गाडी चालवायचा परवाना संपणार होता आणि डोळ्यांच्या तपासणीत तो पास होणार नव्हता. त्यांची लेक क्रिस्टिन हे सगळं ओळखून होती. ती वाईट मुलगी नाही. आईबापांच्या काळजीनं तिची झोप उडाली होती, एवढंच. कोठारामागे उभी राहून ती म्हणाली, "बाबा, एक गिऱ्हाईक आहे. हरणाच्या शिकारीला येणाऱ्या मंडळींना जंगलात निवारा हवाय. चाकं काढतील आणि हिला झाडाखाली ठेवतील. ऑक्टोबरात देऊन टाकू या."

माझी चाकं काढणार! चाकं काढलेली घरगाडी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. मी थरथरले असते, पण इंजिन बंद होतं.

लेक गेल्यावर ड्वेननं ताडपत्री वर करून दार उघडलं आणि नकाशासमोर उभा राहिला. अगदी जवळ जाऊन, मान वाकडी करून त्यानं ते कोरं राज्य पाहिलं.

"एक राहिलंय," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे कुठलं," मागून मार्लिस म्हणाली. "उंदीर मी काढते. तू बॅटरी बघ."

ऑगस्टात आम्ही निघालो. क्रिस्टिनला सांगितलं, जुन्या मित्रमंडळींना भेटून येतो. ते खरंच होतं. फक्त त्यातला एक मित्र कोण, ते सांगितलं नाही.

पहिल्याच मुक्कामाला अपमान वाढून ठेवला होता. साउथ डकोटात एका घरगाड्यांच्या तळावर आम्ही फाटकापाशी थांबलो. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "गाडी कुठल्या सालची, सर?"

"शहाण्णव," ड्वेन अभिमानानं म्हणाला.

"सॉरी. दहा वर्षांच्या वरच्या गाड्या आम्ही आत घेत नाही. तळाची शोभा जाते."

मार्लिस पलीकडून वाकली. "आणि माणसं, बाळा? हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. याला आत घेता, की याला पण बाहेर कुंपणाला टेकवून ठेवू?"

मुलगी ओशाळली. नियम तिचा नव्हता, ती तरी काय करणार? पण आत उभ्या असलेल्या चकचकीत गाड्यांकडे मी एकवार पाहून घेतलं. त्यांच्यातल्या निम्म्यांनी डोंगर फक्त जाहिरातीत पाहिला असेल. ड्वेननं मला मागे घेतलं. मागे घेताना मी मुद्दाम जरा जास्त धूर सोडला.

तळावर जागा नाही, तर मित्रांच्या अंगणात झोपू, असं ठरलं आणि फार बरं झालं. त्याच संध्याकाळी आम्ही गॉर्डीच्या दारात उभे राहिलो. गॉर्डी म्हणजे ड्वेनबरोबर बर्फाची गाडी चालवणारा जुना जोडीदार, निवृत्त झाल्यावर इकडे येऊन राहिलेला. आता नाकाला प्राणवायूची नळी लावून बसतो, पण जीभ तशीच.

"काय रे, अजून मेला नाहीस?"

"तुझी वाट बघत थांबलो," ड्वेन म्हणाला.

"कॉफी घेणार?"

"नको, आत्ताच झाली."

"घे की. किटली चढवतो."

"छे, उगाच तुला त्रास."

"अर्धा कप?"

"बरं, केलीच असशील तर दे."

मित्रांनो, हे नाटक तुम्हाला ओळखीचं वाटेल. आमच्या मिनेसोटाच्या माणसाला पहिल्यांदा विचारलं की तो नाही म्हणतो, कारण लगेच हो म्हणणारा हावरट. दुसऱ्यांदा नाही म्हणतो, कारण समोरच्याला अडचण नको. तिसऱ्यांदा विचारलं की मग कळतं, हा मनापासून विचारतोय. गॉर्डीलाही ते पाठ होतं. किटली त्यानं पहिल्या नकाराआधीच चढवली होती.

मार्लिसनं हॉटडिश काढला, म्हणजे आमच्याकडचा खिमा-बटाट्याचा भट्टीत भाजलेला पदार्थ. जेवणं झाली. झोपायला माझ्याकडे निघताना ड्वेननं मांड्यांवर थापा मारून "चला तर मग" म्हटलं आणि त्यानंतर ती माणसं आणखी तासभर उंबऱ्यात उभी राहून बोलत होती. ड्वेन माझी पायरी चढू लागला तसा गॉर्डी हळूच म्हणाला, "हार्लनकडे जातोयस ना? जा. माझ्यासारखी नळी लागण्याआधी जा."

ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पुढची गोष्ट मला मार्लिसनं सांगितली. म्हणजे सांगितली ड्वेनला, पण माझ्या पुढच्या सीटवर बसून माणसं जे बोलतात, ते मला ऐकू येतंच.

हार्लन स्कोगलंड आणि ड्वेन एका बांधाला बांध लागून वाढलेले. गोठलेल्या तळ्यावर एकाच खोपटात बसून भोक पाडून मासे धरायचे. त्र्याऐंशी साली हार्लन ओरेगॉनला निघाला, होड्या बांधायच्या म्हणून. "चल माझ्याबरोबर," तो ड्वेनला म्हणाला. "दोघं मिळून बांधू." ड्वेन रीतीप्रमाणे म्हणाला, "छे, मला कुठे जमतंय?" निघायच्या दिवशी हार्लननं गाडी चालू ठेवून पुन्हा विचारलं. ड्वेन पुन्हा म्हणाला, "नको, तू हो पुढे." आणि हार्लन खरोखरच पुढे झाला.

"तुझ्या हत्यारांची पेटी बांधून ट्रकमध्ये ठेवलेली होती," मार्लिस म्हणाली. "मी पाहिली होती. माझी पण तयारी होती, ड्वेन. तू मला कधी विचारलं नाहीस."

"त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही," ड्वेन रस्त्याकडे बघत म्हणाला. "माझा जिवलग दोस्त. परक्याला कोणी कॉफीसाठी तीनदा विचारतं. मला आयुष्यासाठी दोनदाच."

म्हणजे नेवाडाचे ते सगळे वळसे याच्यासाठी होते! माझी तेवढी टायरं झिजवली. मला राग आला, पण तो फार टिकला नाही. ऑक्टोबर जवळ येत होता. परवाना गेला, मी विकली गेले, की मग ड्वेनला ओरेगॉनला कोण नेणार? विमानात बसून पोहोचण्याइतका तो धीट नव्हता. भांडायला जायचं तर त्याला माझं स्टिअरिंग हातात लागायचं. आम्हाला आताच पोहोचायला हवं होतं.

वायोमिंगच्या घाटात एका लांब उतारावर ड्वेन मला हळूहळू रेघेच्या पलीकडे नेऊ लागला. समोरून लाकडं भरलेला ट्रक येत होता. ड्वेनला तो दिसलाच नव्हता. मार्लिस ओरडली, त्यानं मला कडेला घेतलं, ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. मग मार्लिस उतरली, माझ्या नाकासमोरून चालत ड्वेनच्या दाराशी आली आणि म्हणाली, "सरक."

वर्षानुवर्षं ड्वेन तिला म्हणायचा, बघ जरा चालवून, आणि ती म्हणायची, नको बाई, एवढं धूड माझ्यानं होणार नाही. त्या दिवशी तिनं कुणाच्या विचारण्याची वाट पाहिली नाही. ड्वेन सरकला. तिनं मला छोट्या गिअरमध्ये टाकलं आणि बैलाच्या चालीनं खाली आणलं. मागे गाड्यांची रांग लागली. एकानं भोंगा वाजवला.

"वाजव बापड्या," मार्लिस आरशात बघत म्हणाली. "शाळेत साडेतीनशे पोरं ताटं वाजवायची, तेव्हा नाही घाबरले."

घाटाखालच्या गावात लाव्हॉन राहते. ती मार्लिसची शाळेतली मैत्रीण, जिनं तीस वर्षं शाळेची बस चालवली. तिनं सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा ड्वेनच्या पाठीत एक धपाटा घातला. "डोळ्यांनी दिसत नाही आणि डोंगरात घुसतोस? शहाणाच आहेस!" मग चर्चच्या मोकळ्या आवारात नेऊन तिनं मार्लिसला माझं सगळं तंत्र शिकवलं. वळताना शेपूट कुठे जातं, आरसा कसा लावायचा, ब्रेकवर पाय ठेवून न बसता उतार कसा उतरायचा. मार्लिसनं मला चर्चच्या पाटीवर एकदाच घासलं. पाटी किंचित वाकडी झाली. माझ्या उजव्या अंगावर तो ओरखडा अजून आहे आणि कुणी तो रंगवायला आलं तर मी रंगवू देणार नाही.

ओरेगॉनमध्ये शिरलो तेव्हा स्टिअरिंगवर मार्लिस होती आणि ड्वेन शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. आपण चालवत नाही याचं त्याला वाईट वाटत होतं की पोहोचतोय याची भीती वाटत होती, ते मला कळलं नाही. एका नदीच्या काठी, उंच देवदारांखाली, मोठ्या शेडसमोर आम्ही थांबलो. शेडची दारं सताड उघडी होती. आत एका होडीचा सांगाडा उभा होता. बाहेर लाकडी बाकावर एक उंच, वाकलेला म्हातारा बसला होता. आम्ही येतोय हे त्याला मार्लिसनं कळवलं होतं. तो उठला, पण पुढे आला नाही.

"आलात," हार्लन म्हणाला.

"आलो," ड्वेन म्हणाला.

त्यांनी हस्तांदोलन केलं. इतक्या वर्षांनी भेटलेली माणसं मिठी मारतील असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही आमची माणसं पाहिलेली नाहीत.

"कॉफी घेशील?"

"नको. वाटेत झाली."

"केलेली आहे."

"राहू दे. उगाच कशाला?"

आणि हार्लन गप्प झाला. बाकाकडे बघत राहिला. माझ्या इंजिनात अजून धग होती आणि त्या क्षणी ती माझ्या डोक्यात गेली. एवढे डोंगर ओलांडून आलो ते यासाठी? मार्लिसनं माझ्या दाराची कडी घट्ट धरली.

"बघ," ड्वेन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. मी त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आजही तेच. दोनदा विचारतोस आणि थांबतोस. तेव्हाही थांबलास."

"तुझी पेटी मला दिसली होती," हार्लन म्हणाला.

"काय?"

"हत्यारांची पेटी. तुझ्या ट्रकमध्ये. मी आंधळा नव्हतो."

"दिसली होती? मग का नाही विचारलंस?"

हार्लन खाली बसला. "पहिलं नाही रीतीचं असतं, ड्वेन. दुसरं पण रीतीचं. तिसरं नाही खरं असतं. मी तिसऱ्यांदा विचारलं असतं आणि तू नाही म्हणाला असतास, तर मग संपलंच होतं. म्हणून नाही विचारलं. न विचारलेला प्रश्न तेवढा माझ्यापाशी राहिला. दर वसंतात म्हणायचो, यंदा विचारीन."

ड्वेन त्याच्याकडे मान वाकडी करून बघत होता, कडेनं, कारण समोरून त्याला तो दिसत नव्हता.

"गाढवा," तो म्हणाला.

"हो," हार्लन म्हणाला.

मग ड्वेन बाकावर त्याच्या शेजारी बसला. दोघंही नदीकडे बघत बसले. मार्लिस रडत होती, आणि रडत रडत आपणच शेडमध्ये जाऊन कॉफी ओतून घेऊन आली. ती दोघांनी मुकाट्यानं घेतली.

कप रिकामे झाल्यावर हार्लन उठला आणि ड्वेनला शेडमध्ये घेऊन गेला. त्या सांगाड्यापाशी उभा राहून म्हणाला, "तर विचारतो. चल माझ्याबरोबर. दोघं मिळून बांधू."

"मला समोरचं दिसत नाही रे."

"हे नाही म्हणून धरू का?"

"नाही. नुसतं सांगून ठेवतोय."

"फळी गुळगुळीत झाली का ते मी पण हातानंच बघतो. माझे डोळे तरी कुठे शाबूत आहेत!"

ड्वेननं हात पुढे केला. होडीच्या एका बरगडीवरून तो सावकाश फिरवला, वरून खाली, पुन्हा वर. एका जागी अंगठा थांबला. "इथे खडबडीत आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं, सुरुवात केलीच असशील तर."

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लिसनं नकाशावर ओरेगॉनचा तुकडा लावला. माझ्या दारावरची कोरी जागा भरली. पण माझा स्वतःचा निकाल अजून लागायचा होता. मार्लिस माझ्या पायरीवर बसली होती, तेवढ्यात क्रिस्टिनचा फोन आला.

"आई, ते शिकारीवाले आगाऊच गाडी बघायला यायचं म्हणतायत. काय सांगू? विकायची ना ग्लॅडिस?"

"नको."

"अगं, असं गिऱ्हाईक परत मिळणार नाही. बाबांचे डोळे असे. तुझं वय काय! विकू या ना?"

"नको म्हटलं ना."

क्रिस्टिन आमच्याच मातीतली पोर. तिलाही मोजता येत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तिसऱ्यांदा विचारते हं. विकायची?"

"नाही," मार्लिस म्हणाली.

"बरं," क्रिस्टिन म्हणाली. "मग चालवणार कोण?"

"मी. उतार कसा उतरायचा ते लाव्हॉननं शिकवलंय."

"हळू चालव गं."

"हळूच चालवते. मागे रांग लागते. लागू दे."

मी भोंगा वाजवला नाही. पण बॅटरी भरलेली होती आणि मनात आणलं असतं तर वाजवू शकले असते, एवढं सांगते.

हिवाळा आम्ही नदीकाठी काढला. ऑक्टोबरात ड्वेनचा परवाना संपला. त्या दिवशी त्यानं तो खिशातून काढला, एकदा हाताळला आणि परत फळी घासायला गेला. वसंतात होडी तयार झाली. ती माझ्या मागे जोडली, हार्लन माझ्या डोक्यावरच्या पलंगात झोपायला आला आणि आम्ही मिनेसोटाला, त्याच जुन्या तळ्यावर ती उतरवायला निघालो.

शेवटी बोध सांगायची पद्धत आहे, तर माझाही ऐका. मला जपू नका, मला वापरा. ताडपत्रीखाली ठेवलेलं काहीच टिकत नाही, ना गाडी, ना माणूस, ना मैत्री. तुमच्या घरात कुणी म्हाताऱ्यानं दोनदा नको म्हटलं असेल, तर तिथेच थांबून सुटका करून घेऊ नका. आणि तुम्ही स्वतः दोनदा नको म्हणून कुणाची वाट बघत बसला असाल, तर उठा आणि त्याच्या दारात जाऊन भांडा.

परतीच्या वाटेवर मार्लिसनं मला साउथ डकोटातल्या त्याच तळाच्या फाटकाशी नेऊन उभं केलं. खिडकीत तीच मुलगी होती.

"गाडी कुठल्या सालची?"

"शहाण्णव," मार्लिस म्हणाली.

"सॉरी, मॅडम. नियम तोच आहे."

"ठीक आहे, बाळा," मार्लिस हसून म्हणाली आणि मला छोट्या गिअरमध्ये टाकलं. "हे दुसऱ्यांदा झालं."